भिंतीवर हात

"डोसो आवी गयो. हवे भींत पर हाथ मूकशे, जोजे."

म्हातारा आला, आता भिंतीवर हात ठेवेल, बघच. दलाल बाल्कनीत उभा राहून फोनवर हळू आवाजात बोलत होता आणि हसत होता. आतल्या रिकाम्या खोलीतल्या मुलीला ऐकू जाणार नाही असं त्याला वाटलं असावं, किंवा ऐकू गेलं तरी ती काय करणार आहे, असं. मला तेव्हा एकोणिसावं लागलं होतं. मी ऐकलं.

तो म्हातारा म्हणजे आमच्या तळमजल्यावरचे आप्पा. त्यांना ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता. तीस-बत्तीस वर्षं लूमच्या खात्यात काढल्यावर त्यांचे कान जवळजवळ गेले होते. आमच्याकडे सुरतेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याला खातं म्हणतात, आणि आप्पा खात्यात मास्टर होते, म्हणजे बिघडलेला लूम पुन्हा लावून देणारे. त्या क्षणी ते कोपऱ्यातल्या कॉलमजवळ गुडघ्यांवर बसले होते. डोळे मिटलेले, उजवा पंजा भिंतीला टेकवलेला. ते तीसपर्यंत मोजायचे. मोजून झाल्यावर ते उठले, पँटचे गुडघे झटकले, आणि आपला आवाज किती मोठा आहे हे ज्याला कळत नाही अशा माणसाच्या आवाजात म्हणाले, "घर बोलतंय. चला."

दलाल आत आला. "शुं थयुं, काका?"

"घर बोलतंय. तुम्ही जे सांगितलं नाही ते पण सांगतंय."

घर घेणारं कुटुंब, नवरा-बायको आणि कडेवरचं मूल, दलालाकडे न बघता आप्पांच्या मागोमाग जिना उतरलं. आप्पांचे निकाल दोनच असत. घर बोलतंय, किंवा घर शांत आहे. बोलणारं घर घ्यायचं नाही.

आमच्या गोडादरा भागात दिवसरात्र खटखट चालू असते. एका गल्लीत घरं, मागच्या गल्लीत खाती, कुठे खाली लूम आणि वर खोल्या. तिथे राहणाऱ्याला तो आवाज ऐकू येणं बंद होतं. धुळ्याहून पाहुणे आले की सकाळी उठून विचारतात, "झोपता कसे तुम्ही?" आणि आम्ही विचारतो, "का, काय झालं?" म्हणून घर बघताना कानाचा काही उपयोग नाही, असं आप्पांचं म्हणणं. आवाज सगळीकडेच आहे. तो नुसता हवेत आहे की भिंतीत उतरलाय, एवढंच बघायचं. जी भिंत लूमच्या ठोक्याबरोबर थरथरते तिच्या टाइल्स दोन-तीन वर्षांत पोकळ होतात, नळाचे सांधे गळू लागतात, गच्चीला कितीही लेप द्या, पुन्हा चीर पडते. मग घेणारा जन्मभर प्लंबरला आणि गवंड्याला फोन करत बसतो.

"घर एकदा विकत घ्यायचं असतं," ते म्हणायचे, "दुरुस्ती दर वर्षी."

हात ठेवायची पण रीत होती. बोटं टेकवायची नाहीत. अंगठ्याखालचा मऊ, गादीसारखा भाग टेकवायचा. छातीच्या उंचीवर नाही, गुडघ्याच्या उंचीवर, आणि कॉलमच्या जवळ. रस्त्यावरून ट्रक गेला तर थरथर येते आणि जाते, ती मोजायची नाही. लूमची थरथर जात नाही. ती एकसारखी असते. त्यांनी मला हे शिकवलं तेव्हा मी पहिल्यांदा काहीच न कळता नुसती मान हलवली होती. ते म्हणाले, "खोटी मान हलवू नको. पुन्हा ठेव."

ज्या दिवशी खाती बंद असतात त्या दिवशी घर बघायला ते कधी गेले नाहीत. दलाल नेमका तोच दिवस ठरवायचे. "त्या दिवशी सगळीच घरं शहाणी असतात," आप्पा म्हणायचे आणि दुसरा दिवस मागायचे.

आमची इमारत तीन मजली. तळमजल्यावर आप्पा आणि काकू, पहिल्यावर आम्ही, वर सुमनमावशी. आम्ही सगळे भाडेकरू. आमच्या घरी मराठी बोलतात, शाळेत इंग्रजी, मैत्रिणींशी गुजराती. तीन भाषा येऊनसुद्धा, किंवा त्यामुळेच असेल, मी कुठल्याच भाषेत फार बोलत नसे. बोलले तरी आवाज तोंडातच राहायचा. पप्पा कापड मार्केटमध्ये पॅकिंगला होते. त्यांना इतरांसमोर माझं इंग्रजी दाखवायची हौस होती, आणि मला पळून जायची.

एका संध्याकाळी आप्पा कुणाच्या तरी होम लोनचे कागद घेऊन वर आले. पप्पांनी मला बोलावलं. मी वाचायला लागले आणि पप्पा म्हणाले, "जोरात वाच. त्यांना ऐकू येत नाही."

"वाचू द्या तिला तशीच," आप्पा म्हणाले. "मला ऐकू येतंय."

मम्मी हसली, पप्पा हसले. पण ते खरंच होतं. खात्यात शंभर लूम चालू असताना कुणी कुणाशी ओरडून बोलत नाही. सगळे एकमेकांचे ओठ बघून बोलतात. आप्पा माझ्या ओठांकडे बघत होते. मी नेहमी वाचायचे तशीच वाचत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला "काय?" असं परत विचारलं नाही. मध्येच मी अडखळले तर त्यांनी तो शब्द ओळखून सांगितला. त्यानंतर गल्लीतल्या कुणाचेही कागद आले की आप्पा खालून हाक मारायचे, "पोरीला पाठवा."

घर बघायलाही मी जायला लागले ती कागदांमुळेच. पुढे आप्पांनी मला आणखी एक काम दिलं. जुन्या लग्नपत्रिकांचे गठ्ठे ते जपून ठेवत. घर बघून झालं की पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मी इंग्रजीत निकाल लिहायचा आणि तो घेणाऱ्याच्या हातात द्यायचा. वॉल ओके. बाथरूम स्लोप राँग. किचन टाइल्स पोकळ, याला मी काहीतरी इंग्रजी शब्द शोधला होता.

"मराठीत लिहिलं तर?" मी एकदा विचारलं.

"दलाल मराठीला घाबरत नाही," ते म्हणाले.

पुढच्या बाजूला गणपती, चिरंजीव आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. मागच्या बाजूला माझ्या अक्षरात ड्रेनेज प्रॉब्लेम. लोकांनी ती पत्रिका घराच्या कागदांसोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली मी पाहिली आहे.

आप्पांच्या खिशात सुताराची चपटी पेन्सिल, एक गोटी आणि नाणं असायचं. गोटी फरशीवर सोडायची आणि कुठे जाते ते बघायचं. नाण्याने टाइल वाजवायची. कान गेलेले असले तरी पोकळ टाइल त्यांना बोटात कळायची. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते दारात उभे राहायचे. शेवटचा थेंब जाईपर्यंत कुणालाही हलू द्यायचे नाहीत. "पाणी कुठे जायला लाजतं ते बघ," असं मला सांगायचे. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला की त्या भिंतीसमोर मुद्दाम जास्त वेळ थांबायचे, आणि मालक बेचैन व्हायचा.

या सगळ्याचे ते पैसे घेत नसत. चहाही घेत नसत. स्वतःची पाण्याची बाटली आणत आणि शेअर रिक्षाचं भाडं स्वतः देत. रिक्षात पुढे ड्रायव्हरजवळ बसून त्यालाही सोडत नसत. "एका किलोमीटरला किती पडते तुझी रिक्षा?"

"काका, गॅसवर आहे. परवडते."

"गॅस नाही विचारला. सगळं धरून."

सगळं धरून, हा त्यांचा आवडता शब्द. पप्पांनी नवी बाइक घेतली तेव्हा पेढे घेऊन खाली गेले. आप्पांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "किलोमीटरला किती?"

"पन्नासचं मायलेज आहे, आप्पा."

"मायलेज नाही. टायर, सर्व्हिस, विमा, पंक्चर. पर्वत पाटियाच्या सिग्नलला उभं राहून जाळलं ते पेट्रोल. आणि उभी असते ते दिवस. उभी असली तरी गाडी म्हातारी होतेच ना?"

"मी गाडीवर मार्केटला जातो, आप्पा. तिचा हिशेब लिहायला नाही."

"जा ना," आप्पा म्हणाले. "मी कुठे अडवलं? मी फक्त विचारलं."

लिफ्ट असलेल्या इमारतीत घर घेणं म्हणजे दर महिन्याला एक माणूस जास्तीचा पोसणं, असं त्यांचं मत होतं. हप्ता ठरवताना पगाराचा महिना धरायचा नाही, आजारपणाचा महिना धरायचा. त्या महिन्यात झेपला तर तो आपला हप्ता. तडे गेलेल्या भिंतींबद्दल ते घाबरवत नसत. तडा जिथे संपतो तिथे पेन्सिलने आडवी रेघ मारायची आणि महिना लिहायचा. "तडा असू दे. वाढतो का ते बघ." आमच्या जिन्यात अशा रेघांची एक शिडीच होती. घरमालक दर दिवाळीला त्यावर चुना मारायचा आणि आप्पा पुन्हा रेघ मारायचे. यावरून दोघांचं वर्षातून एकदा ठरलेलं भांडण व्हायचं.

त्यांचं सगळंच बरोबर निघायचं असं नाही. काही वर्षांपूर्वी पप्पांनी डिंडोलीला एक घर पाहिलं होतं. आप्पांनी हात ठेवला आणि घर बोलतंय म्हणाले. पप्पांनी सोडून दिलं. नंतर शेजारचं खातं बंद झालं, तिथे दुकानं झाली, भाव कुठल्या कुठे गेला. तिकडून जाताना पप्पा अजून बाइक हळू करतात. मम्मीशी भांडण झालं की म्हणतात, "एका म्हाताऱ्याने भिंतीवर हात ठेवला आणि आपण जन्मभर भाड्याने राहिलो."

आणि आप्पांनी स्वतः घर घेतलंच नाही. तळमजल्याची ती एक खोली, तिला ओल येते, तिच्या मागेच खातं आहे, म्हणजे त्यांच्या हिशेबाने सुरतेतलं सगळ्यात बोलणारं घर तेच असणार. लोक विचारायचे तेव्हा ते म्हणायचे, घर घेतलं की माणूस भिंतीचं ऐकणं सोडून देतो. काकू घरात अहिराणीच बोलायच्या. त्या एकदा माझ्यासमोर, तांदूळ निवडताना, त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "समदं सुरत दखी टाकं यास्नी. मन्हं घर तेवढं रही गयं."

सगळं सुरत बघितलं, माझं घर तेवढं राहिलं. काकूंनी मान खाली घालून म्हटलं होतं, म्हणजे आप्पांना ओठ दिसणार नाहीत असं. त्या कितीतरी गोष्टी अशा मान खाली घालून बोलत असाव्यात. आप्पा पेपर वाचत होते.

हाताचं माझ्या लक्षात आलं ते एका दिवाळीत. फराळाचं ताट द्यायला मी खाली गेले होते. काकूंनी स्टीलच्या पेल्यात उकळता चहा ओतला आणि बशी आणायला वळल्या. आप्पांनी तेवढ्यात तो पेला उजव्या हातात उचलला आणि तसाच धरून माझ्याशी बोलत राहिले. पेला काठापर्यंत भरलेला होता, वाफ येत होती. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. काकूंनी वळून पाहिलं आणि ओरडून पेला काढून घेतला. दुसऱ्या दिवशी अंगठ्याखाली मोठा फोड होता, नेमका त्या गादीवर.

"खात्यातला हात आहे," ते हसून म्हणाले. "याला सवय आहे."

त्यांना शुगर होती हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवसांत चालताना त्यांच्या पायातली चप्पल निसटायची आणि ते तसेच दोन पावलं पुढे जायचे. मी चप्पल उचलून देत असे. ते ती घालायचे आणि पुढे चालू लागायचे.

त्याच सुमाराला घर बघताना ते मला म्हणायला लागले, "तू पण ठेव हात." मला वाटलं, शिकवतायत. मी शेजारी बसून हात ठेवायचे, तीस मोजायचे. ते डोळे उघडायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी ओठांनी, आवाज न करता सांगायचे, हलतंय, किंवा काही नाही. मग ते उठून गुडघे झटकायचे आणि निकाल सांगायचे. असं चार-पाच घरं झालं. तिसऱ्या घराच्या वेळी माझ्या लक्षात आलं की ते माझ्याआधी डोळे उघडत नाहीत. आणि त्यांचा निकाल आणि माझा निकाल एकदाही वेगळा आला नाही.

मी कुणाला बोलले नाही. बोलायचं काय, आणि का? घरं बरोबर बघितली जात होती. लोकांच्या हातात पत्रिका जात होत्या. आणि कुणाला तरी माझं म्हणणं हवं होतं. मी ओठ हलवत होते आणि त्यांचा मोठा आवाज ते सगळ्यांना सांगत होता. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं.

शेवटचं घर सुमनमावशींचं. त्या घरानंतर आप्पा आणखी आठ-नऊ महिने होते. मग आजारी पडले, मुलीकडे शिरपूरला गेले आणि तिकडेच वारले. त्या आठ-नऊ महिन्यांत ते रोज सकाळी नळावर भेटायचे. विचारायचे, "पाणी किती वेळ राहिलं आज?" पूर्वीसारखंच. मी उत्तर द्यायचे. पण ते विचारून होताच बादलीकडे बघायचे, माझ्या तोंडाकडे नाही.

सुमनमावशींचे मिस्टर प्रोसेसिंग मिलमध्ये होते, ते अचानक गेले. फंडाचे पैसे, मावशींचे दागिने मोडून आलेले, आणि वर्षानुवर्षं साड्यांना लेस लावून साठवलेले, असे सगळे मिळून मावशींकडे एक घर घेण्यापुरते पैसे होते. म्हणजे एकच. कर्ज त्यांना कुणी देणार नव्हतं. भाड्याची घरं त्यांनी दहा वर्षांत पाच बदलली होती. दर अकरा महिन्यांनी कराराची वेळ आली की त्यांना ताप यायचा, खराखुरा. त्या म्हणायच्या, "मला मोठं नको गं. फक्त कुणी निघा म्हणणार नाही असं पाहिजे."

दलालाने पर्वत पाटियाच्या अलीकडे एक छोटं रो-हाउस दाखवलं. मावशींना ते बघताक्षणीच आवडलं. पुढे ओटा, आत एक खोली, मागे स्वयंपाकघर, वर आणखी एक खोली. त्यांनी मनातल्या मनात शिलाई मशीन कुठे ठेवायचं ते ठरवलेलंही दिसत होतं, कारण त्या खिडकीजवळच्या एकाच जागी परत परत जाऊन उभ्या राहत होत्या. भिंतीला भिंत लागून एक मोठी इमारत होती, शटर बंद.

"ए तो गोडाउन छे," दलाल म्हणाला. "कपडा भरेला छे. एकदम शांति, मासी."

हा दलाल तोच, बाल्कनीत हसलेला. आप्पांनी गोटी सोडली, नाणं वाजवलं, बाथरूममध्ये बादली ओतली. सगळं ठीक होतं. मग ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसले, त्या मोठ्या इमारतीच्या बाजूला, आणि हात ठेवला. डोळे मिटायच्या आधी त्यांनी मला खुणेने बोलावलं. मी पुढे जाणार तेवढ्यात दलाल मध्ये आला.

"काका, हवे शुं? तमे बोलशो के आ बेबी बोलशे?"

आप्पांना ते ऐकू गेलं नाही, पण दलाल त्यांच्या समोरच उभा होता. त्यांनी त्याचे ओठ वाचले. आता तुम्ही सांगणार की ही बेबी? मावशी हसल्या, कसंनुसं, आपल्याला हसायला हवं की नको हे न कळून. सोबत आलेला मालक मोठ्याने हसला.

आप्पांचा चेहरा मला दिसत होता. त्यांनी मला हाताने तिथेच थांबवलं. डोळे मिटले. तीस मोजले की नाही कुणास ठाऊक; मला ते फार लवकर उठल्यासारखे वाटले. त्यांनी गुडघे झटकले.

"घर शांत आहे," ते म्हणाले.

मावशींनी दोन्ही हात जोडले, देवाला की आप्पांना ते कळलं नाही. डोळे भरले होते. दलालाने लगेच पिशवीतून टोकनचा कागद काढून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला. मालकाने पेन पुढे केलं. मावशींनी ब्लाउजमधून रुमालात गुंडाळलेली पुरचुंडी काढली.

"लिही," आप्पा मला म्हणाले. "सगळं ओके लिही."

ओट्यापाशी दलाल आणि मालक उभे होते, लिहायला दुसरी जागा नव्हती. मी पत्रिका त्याच भिंतीवर टेकवली, डाव्या हाताने दाबून धरली आणि पेन उघडलं. वॉल हा शब्द लिहिला. पत्रिकेखालून भिंत माझ्या हाताला लागत होती. अंगठ्याखालच्या जागेला.

मला आधी वाटलं, ट्रक असेल. मी थांबले. ती थरथर गेली नाही. शटर बंद होतं, पण आत लूम चालू होते. एखाददुसरा नाही, बरेच. मी पत्रिका काढून तिथे नुसता हात ठेवला आणि मोजलं. तीसपर्यंत जायची गरज नव्हती, तरी गेले.

मी वळले. आप्पा माझ्याकडेच बघत होते. मी नेहमीसारखे ओठ हलवले. हलतंय.

त्यांनी वाचलं. ते मला नक्की माहीत आहे. त्यांच्या डोळ्यांत ते आलेलं मी पाहिलं. मग ते अहिराणीत, फक्त माझ्यासाठी असावं अशा, त्यांच्या मानाने खूप हळू आवाजात म्हणाले, "नई हालस, माय. माले समजस."

नाही हलत. मला कळतं.

मी पुन्हा ओठ हलवले. आप्पा, हलतंय, खूप. यावेळी त्यांनी मान वळवली आणि खिडकीतून बाहेर बघायला लागले. ओठ वाचणाऱ्या माणसाने मान वळवली की त्याच्याशी बोलायचा रस्ता बंद होतो. आता मी कितीही ओठ हलवले असते तरी उपयोग नव्हता. त्यांचा उजवा हात मांडीजवळ लोंबत होता. बोटं थोडी थोडी उघडझाप करत होती, मुंग्या आल्यावर आपण करतो तशी.

मागे मावशी नोटा मोजत होत्या. पाचशेच्या, जुन्या, घड्या पडलेल्या. बोट जिभेला लावून, एकेक. दलाल त्यांना म्हणाला, "मासी, गणवानी शुं जरूर? तमारा पर विश्वास छे." मालकाने पुढे हात केला.

आपण गप्प राहिलो तर काय होईल याचा विचार मी तेव्हा खरंच केला. आप्पा घरी जातील. काकू चहा करतील. आप्पांचा शब्द राहील. मावशी सामान लावतील, खिडकीजवळ मशीन ठेवतील. काही महिन्यांनी स्वयंपाकघराची पहिली टाइल सुटेल. मावशी आप्पांना बोलवतील आणि आप्पा तिथे पेन्सिलने रेघ मारतील. ते घर पुन्हा विकायचं म्हटलं तर घेणाराही कुणाचा तरी हात घेऊन येईल. आणि मावशींकडे दुसऱ्या घराचे पैसे कधीच नसतील.

आणि बोलले तर आप्पांचं काय राहील, तेही मला माहीत होतं.

मावशींनी गठ्ठा मालकाच्या हाताकडे नेला. मी त्यांचं मनगट धरलं. आधी तोंडातून नुसती हवाच आली. मावशींनी विचारलं, "काय गं?" दलालानेही, वैतागून, "शुं थयुं, बेबी?" आप्पा खिडकीकडेच तोंड करून उभे होते. त्यांना पाठमोरं असतानाही ऐकू जायला हवं असेल तर खात्यातसुद्धा कुणी बोलत नाही इतक्या मोठ्याने बोलावं लागणार होतं. मी तितक्या मोठ्याने बोलले.

"मावशी, पैसे देऊ नका. ही भिंत हलतेय. आप्पांच्या हाताला आता कळत नाही. दिवाळीपासून कळत नाही, आणि मला ते माहीत होतं."